सुट्टी मे महिन्यात की दिवाळीत? आफ्रिकेतलं जंगल त्यावरून निवडा

नाशिककरांना सलग आठ-दहा दिवस मोकळे मिळतात ते वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीत. सहलीच्या पत्रकात मात्र दोन्ही वेळी केनियातलं मसाई मारा हे अभयारण्यच पहिल्या पानावर असतं. खरं तर पैसे वाया जातात ते इथेच.

मार्च ते मे हा केनिया-टांझानियातला मोठा पावसाळा. माराची जमीन आपल्या निफाड-येवल्यासारखीच काळी. पाऊस पडला की चाकाला चिखल धरते आणि फोर-बाय-फोर गाडीसुद्धा रुतते. गवत उंच वाढलेलं असतं, काही तंबू-निवास या काळात बंद असतात आणि विल्डबीस्ट या हरणाच्या जातीच्या मोठ्या जनावरांचे कळप दक्षिणेला टांझानियातल्या सेरेंगेटीत असतात. दर उतरलेले दिसतात त्याचं कारण हे.

मे महिन्यात जायचं तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर घ्या. तिथे तेव्हा कोरडा हंगाम सुरू होतो, झाडोरा विरळ व्हायला लागतो आणि जनावरं पाण्याकडे ओढली जातात. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल जवळपास २०,००० चौरस किलोमीटरचं आहे आणि स्वतः गाडी चालवत फिरता येतं. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. नाशिकच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा. डांबरी रस्त्यावर ताशी ५०, कच्च्यावर ४० किलोमीटरची मर्यादा आहे. ती पाळली नाही तर दंड होतो, आणि जनावरंही हुकतात. ताशी २० ते २५ हाच खरा बघण्याचा वेग. स्कुकुझा ते लोअर साबी या दोन कॅम्पांमधला नदीकाठचा डांबरी रस्ता पहाटे घ्या. लोअर साबीजवळच्या सनसेट धरणावर पाणघोडे आणि मगरी रस्त्यावरूनच दिसतात. सिंहांसाठी सातारा कॅम्प (हो, नाव साताराच आहे) परिसरात दोन रात्री ठेवा. ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही आणि संध्याकाळी फाटक बंद होण्याआधी कॅम्पात पोहोचायचं. मुक्कामाच्या खोल्या काही महिने आधीच भरतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटाआधी खोली पक्की करा.

याच मोसमात बोट्स्वानातलं चोबे हे नदीकाठचं राष्ट्रीय उद्यानही उत्तम. कासाने गावाहून दुपारची बोट घ्यायची. हत्तींचे कळप पोहत बेटावर जातात ते पाण्याच्या पातळीवरून दिसतं, जीपमधून हा अनुभव मिळत नाही.

आता मारा. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे कळप जुलै ते ऑक्टोबरमध्ये दिसतात. दिवाळी ऑक्टोबरात असली तर शेवटचे कळप गाठता येतील, नोव्हेंबरात असली तर ते बहुधा सेरेंगेटीकडे परतलेले असतात. कळप काठावर येतो, तीन-चार तास उभा राहतो आणि कधी कधी तसाच मागे फिरतो. म्हणून एका रात्रीचा मारा घेऊच नये, तीन रात्री हव्यात. परदेशी प्रौढांचं शुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर झालं. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असं १२ तासांचं असतं. पॅकेजच्या किमतीत हे शुल्क किती दिवसांचं धरलंय ते लेखी घ्या. स्वस्त पॅकेज स्वस्त दिसतं ते बहुतेक वेळा इथेच काटछाट केल्यामुळे. शक्य असेल तर मारा ट्रँगल हा पश्चिमेचा भाग निवडा. तिथे एका जनावराभोवती पाचच गाड्या थांबू देतात. बाकी भागांत सिंहाभोवती गाड्यांचा वेढा पडतो आणि त्या सिंहाचीच दया येते. लगतच्या नाबोइशोसारख्या राखीव क्षेत्रांत गाड्या मोजक्याच असतात, रात्रीची फेरीही मिळते. महाग आहे, पण आमच्या मते पाच उद्यानांच्या धावपळीपेक्षा हा खर्च जास्त वसूल होतो.

धावपळ म्हणजे किती, तर नैरोबी ते मारा साधारण २७० किलोमीटर, पाच ते सहा तास. मारा ते सेरेंगेटी नकाशावर शेजारी दिसतात, पण पर्यटकांना मधून जाता येत नाही. इसेबानिया या सीमेवरच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो, गाडी आणि चालक बदलतात, अख्खा दिवस जातो. आठ दिवसांत दोन देश घेऊ नका.

टांझानियाच घेतला तर एन्गोरोंगोरो सोडू नका. कोसळलेल्या ज्वालामुखीचं हे विवर सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आणि ६०० मीटर खोल आहे. काळा गेंडा दिसण्याची उत्तम संधी इथेच. जिराफ मात्र विवराच्या तळाशी नसतात, ते वाटेत पाहून घ्या. काठावर पहाटे आपल्या निफाडच्या डिसेंबरसारखी थंडी असते, स्वेटर हवाच. जेवणाच्या जागी घारी हातातला घास पळवतात, त्यामुळे डबा गाडीतच उघडा.

किलिमांजारोसमोरचे हत्ती हवे असतील तर अंबोसेली, तेही पहाटेच. ऊन चढलं की शिखर ढगात जातं. नाकुरू सरोवराचं उद्यान गेंड्यांसाठी चांगलं. सरोवराचं पाणी वाढल्यापासून तिथे पूर्वीसारखे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) राहिलेले नाहीत, जुने फोटो पाहून जाऊ नका.

केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यावर १० दिवसांनी लागू होतं. आदल्या आठवड्यात धावपळ केली तर उपयोग नाही, परतल्यावर विलगीकरणात बसवतात. नैरोबीत विमान बदलताना १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिकेतही तेच प्रमाणपत्र मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच सुरू करा. कपडे खाकी किंवा मातकट रंगाचे घ्या, निळ्या-काळ्या रंगावर चावणाऱ्या त्सेत्से माश्या येतात. छोट्या विमानाने माराला जाणार असाल तर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते आणि चाकांच्या कडक बॅगा चालत नाहीत. केनियात २०१७ पासून आणि टांझानियात २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तेव्हा चिवडा आणि मेतकूट डब्यात भरा. केनिया-टांझानियात चपट्या तीन पिनांचा अडॅप्टर लागतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र आपला १५ अँपिअरचा मोठा गोल तीन पिनांचा प्लग थेट बसतो. गिझरचा जुना प्लग लावलेला एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत टाकला की कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही त्यावर चार्ज होतात.