रवांडाच्या बिया, कॉलेज रोडवर
नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या या छोट्या रोस्टरीतली (कॉफी भाजून विकणाऱ्या दुकानातली) रवांडाची बोरबॉन जातीची कॉफी घ्यावीच अशी आहे. दीड हजार मीटरच्या वर फळ सावकाश पिकतं, म्हणून बी घट्ट, मधली चीर अरुंद. कपात संत्र्याच्या सालीचा वास, मागून गुळाची गोडी.

धोका एकच, अँटेस्टिया ढेकण्या या किडीने टोचलेली बी. भाजल्यावरही ती ओळखू येत नाही. दळली की कच्च्या बटाट्याचा वास सुटतो. म्हणून दर वेळी १५ ग्रॅमच दळा आणि हुंगा. वास आला तर टाकून द्या, ग्राइंडर साफ करा. पाणी २५० मिली. आपल्याकडे, नाशिकच्या उंचीवर, ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा उतरवून मिनिटभर थांबलं की पुरे. तयार पूड मात्र नको: एक खराब बी अख्खं पाकीट नासवते.