बी.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध, आठ महिन्यांनंतर: नकाशा वेगळा घ्यावा लागतो

पॅकिंगमध्ये नकाशा येत नाही. हे आधीच सांगतो, कारण ॲडमिशनच्या वेळी मला कोणी सांगितलं नाही आणि परवा इंटर्नलला त्याची किंमत मोजली: वीसपैकी अकरा. प्रश्न होर्मुझच्या सामुद्रधुनीचा. इराण, आखात, तेल, सगळं लिहिलं आणि शेवटी हौसेने आकृती काढली. ती निघाली तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या बाब-अल-मंदेबची. मॅडमनी लाल पेनाने एवढंच लिहिलं, ‘हे येमेन.’

सिद्धांतांबद्दल लिहीत नाही, ते सगळीकडे तेच. मी मराठी माध्यमाचा, त्यामुळे ‘बायपोलर’ म्हणजे आजार की दोन महासत्तांचं जग, यात पहिला महिना गेला. पण नकाशा! भिंतीवर संस्थापकांचा फोटो आहे, बंद पडलेला प्रोजेक्टर आहे, आणि 193 देशांची संयुक्त राष्ट्रं शिकवायला जगाचा एक साधा नकाशा नाही. मागितला तर ‘तो भूगोल विभागाकडे’. भूगोल विभाग म्हणतो, सही आणा.

शेवटी फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुना ॲटलस घेतला. दोनशे सांगितले, एकशेवीसला दिला. बोरिवली फास्टमध्ये उघडून बघतो तर सुदान अखंड! म्हणजे 2011च्या आधीचा माल. जाम चिडलो. (झेरॉक्सवाल्या नोट्स त्याहून जुन्या. अलिप्ततावादी चळवळीची पहिली परिषद 1961 साली बेलग्रेडला झाली, हे बरोबर. पण त्याखाली ‘युगोस्लाव्हिया आजही महत्त्वाचा सदस्य’. तो देशच आता उरलेला नाही. शहाण्णव रुपये गेले.)

आता ॲटलसबद्दलचं मत बदललंय. पेन्सिलने दक्षिण सुदान स्वतः वेगळा काढला, राजधानी जुबा लिहिली, तेव्हा कळलं की बहुतेक तेल दक्षिणेत, पण बंदराकडे जाणारी पाइपलाइन उत्तरेतून. वेगळे होऊनही दोघं एकमेकांना का सोडू शकत नाहीत, हे नोट्सच्या सहा पानांत कुठेच नव्हतं.

समुद्राच्या कायद्याचं प्रकरण मी ऑप्शनला टाकणार होतो. शिमग्याला सातपाटीला गेलो तेव्हा मामांसमोर शहाणपणा केला. ते बोटीवर तांडेल, म्हणजे प्रमुख, आहेत. 1982चा करार, किनाऱ्यापासून 12 सागरी मैल आपली हद्द, 200 मैलांपर्यंत मासळी आणि तेलावर हक्क, वगैरे. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

‘भाच्या, पाकिस्तानकडची रेघ कुठाय, ती दाखव.’

ॲटलस काढला, कच्छपाशी बोट ठेवलं आणि तिथेच अडकलो. सर क्रीक ही 96 किलोमीटरची खाडी. तिचाच वाद मिटलेला नाही, त्यामुळे पुढे समुद्रातली हद्दही दोघांनी मिळून ठरवलेली नाही.

‘म्हणजे रेघच नाय,’ मामा म्हणाले आणि जाळं शिवायला लागले. त्यांच्या ओळखीतले दोन खलाशी तिकडच्या तुरुंगात राहून आलेत.

कॉलेजात मॅडमना या खलाशांबद्दल विचारलं. तास संपला होता तरी त्या थांबल्या. 2008च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या ताब्यातल्या कैद्यांच्या आणि मच्छीमारांच्या याद्या देतात, हे त्यांनी सांगितलं. आठ महिन्यांतली सर्वात वसूल झालेली दहा मिनिटं. दोन स्टार देणार होतो, साडेतीन देतो. अर्धा नकाशासाठी कापलाय, तो परत मिळणार नाही.

गेल्या आठवड्यात ॲटलसची शिवण उसवली, आशिया सुटा झाला. बदलून मिळतो का म्हणून फाउंटनला गेलो. तोच विक्रेता चाळीस देतो म्हणाला. आत पेन्सिलने लिहिलंय म्हणे.