बाबांचं 'बोलणारं मशीन' आणि आमचे ६८ हजार

मागच्या वर्षी बाबांना पक्षाघाताचा झटका आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समोरच्याचं बरंचसं समजतं, पण शब्द सापडत नाही. याला अफेजिया म्हणतात, हे आम्हाला कळेपर्यंत ६८ हजार रुपये गेले होते.

घरी आणल्यावर आठवड्याभरात एका 'स्पीच सेंटर'मधून फोन आला. नंबर त्यांना कुणी दिला, देव जाणे. तपासणी फुकट होती. बाबांना नाव विचारलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि वीस मिनिटांत पुढ्यात टॅबलेट ठेवला. मराठीत टाइप करा, मशीन बोलेल. सेंटरच्या माणसाने स्वतःच 'मी बरा आहे' टाइप केलं, मशीन तसं बोललं आणि आईला रडू फुटलं. लगेच बिलबुक बाहेर आलं. भाव आजच्यापुरताच, म्हणाला. मी पैसे भरले.

संध्याकाळी बाबांना चहा हवा होता. डाव्या हाताचं बोट 'च'पाशी गेलं, थांबलं, 'प'वर गेलं, पुन्हा मागे आलं. पाच मिनिटं तेच. मग त्यांनी टॅबलेट पालथा घातला आणि गॅसकडे बोट दाखवलं. त्यांचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

सेंटरचा रिपोर्ट मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. दुसऱ्या पानावर बाबांचा उल्लेख 'ही सहा वर्षांची मुलगी' असा होता. बिलावर जीएसटी नंबर नाही, खाली 'माल परत घेतला जाणार नाही' एवढं मात्र ठळक.

नंतर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्थेत गेलो. बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींवर काम करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, १९८३ पासूनची. तिथल्या मॅडमनी आधी विचारलं, शिक्षण किती, घरात भाषा कोणती, उजवीकडचं नीट दिसतं का. मग किल्ली, चमचा, पेन पुढे मांडून 'किल्ली दाखवा' म्हणाल्या. तासाहून जास्त वेळ गेला, पुन्हा एकदा बोलावलं. अफेजियात तोंडच्या शब्दांबरोबर बहुतेकदा लिहिण्याचे शब्दही जातात, म्हणून टाइप करायचं मशीन बाबांच्या उपयोगाचंच नव्हतं, हे त्यांनी समजावलं. आमच्याच घरातले फोटो लावून तक्ता करायला सांगितला: कप, पंखा, गोळ्यांचा डबा, नातू. जुन्या फोनवर आयआयटी मुंबईचं 'जेलो' अ‍ॅप घेतलं. ते चित्रांचं आहे, मराठीत आहे आणि फुकट आहे.

कुणाकडेही जाण्याआधी त्यांचा आरसीआय नोंदणी क्रमांक मागा. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद; तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. मी त्या सेंटरकडे तो नंतर मागितला, तेव्हा फोन कट झाला. मशीन सुचवलं तर ते पेशंटच्या हातात द्या, विकणाऱ्याच्या नाही. चार दिवस घरी वापरायला मागा.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे आले नाहीत. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. टॅबलेट खोक्यात घालून कपाटात ठेवलाय, पुरावा म्हणून. तक्त्यावरचा कपाचा फोटो मात्र बोट लागून लागून कोपऱ्यात उचकटलाय, तो या रविवारी बदलायचाय.