पैसे नव्या चेनरिंगचे, बसवली जुनीच उलटी करून

जुनी रोड बाइक आहे आणि पुढच्या चेनरिंग, म्हणजे पेडलपाशी चेन फिरवणारी दातेरी चक्रं, बदलायच्या आहेत, अशांसाठी हे लिहितोय. सायकल दुकानातून चकचकीत पुसून परत येते तेव्हा यातलं काहीच दिसत नाही.

माझ्या बाइकला पाच बोल्टचा क्रँक (पेडलचा दांडा आणि त्याला जोडलेले, रिंगा धरणारे हात) आणि पुढे ५३ आणि ३९ दात्यांच्या रिंगा. पुण्यातले पावसाळे, कात्रज, सिंहगड, सगळं झाल्यावर दाते शार्कच्या पंखासारखे एका बाजूला झुकलेले. रिंगा बदलायला झाल्या होत्या यात वाद नाही.

दुकानदाराचं पहिलं वाक्य, “सर, ह्या क्रँकच्या रिंगा बंद झाल्या आता. पूर्ण क्रँकसेट घ्या, शिफ्टर (गिअर बदलायचे खटके) पण बदलावे लागतील.” इथेच कान टवकारायला हवेत. कुठली रिंग बसेल हे बोल्टच्या वर्तुळाच्या मापावर ठरतं. समोरासमोरचे बोल्ट नसलेल्या पाच हातांच्या क्रँकवर बोल्टच्या वर्तुळाचा व्यास काढायची युक्ती सोपी आहे : शेजारच्या दोन बोल्टच्या मध्यांमधलं अंतर मोजायचं. ७६.४ मिमी आलं तर व्यास १३० मिमी, ६४.७ आलं तर ११०, म्हणजे लहान रिंगांचा ‘कॉम्पॅक्ट’ क्रँक. सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोने २०१२ मध्ये ड्युरा-एस ९००० या आपल्या सेटला चार हातांचा क्रँक आणला, त्याआधी कित्येक वर्षं १३० हेच त्यांच्या रोड क्रँकचं नेहमीचं माप होतं. त्या मापाच्या रिंगा स्ट्राँगलाइट, टीए अशा फ्रेंच कंपन्यांनीही बनवल्यात. “बंद झाल्या” हे म्हणूनच पटत नाही. हो, १३० वर ३८ दात्यांपेक्षा लहान रिंग बसत नाही; चढासाठी ३४ ची बसवून देतो म्हणणाऱ्याकडून सायकल सरळ परत घ्या.

क्रँकसेट नको म्हटल्यावर त्याच ‘बंद झालेल्या’ रिंगा मुंबईहून मागवायचं ठरलं. त्याने सांगितलेला हिशोब : मोठी ३,२००, छोटी १,४००, मजुरी ६००. चेन वेगळी.

कात्रजच्या चढावर छोट्या रिंगवर जोर दिला की करकर, आणि मधूनच पायाखाली झटका. नव्या चेनला नवी रिंग असेल तर हे व्हायचं कारण नाही. एका मित्राकडे क्रँक उतरवला आणि बोल्ट खोलले. पाच मिमीची ॲलन की आणि मागचा नट धरायला खाचेचा पाना, एवढंच लागतं.

छोटी रिंग माझीच होती! उलटी करून, दात्यांची टोकं कानशीने घासून, वर काळा स्प्रे. बोल्टच्या भोकाशी नखाने खरवडलं तर रंग निघून आला. दाते दोन्ही अंगांनी झिजलेले. सगळ्यात स्पष्ट खूण म्हणजे नट. नट आत बसावेत म्हणून रिंगच्या भोकांना एका बाजूने खोबण असते. रिंग उलटवल्यावर ती खोबण स्पायडरकडे (क्रँकच्या पाच हातांकडे) गेली आणि नट बाहेर आले. हे क्रँक न काढताही, सायकल आडवी करून फ्रेमच्या बाजूने टॉर्च मारला तरी दिसतं.

साधी रिंग उलटवणं ही मुळात लबाडी नाही. काटकसरी मेकॅनिक पूर्वीपासून करत आलेत, पण ते सांगून करतात आणि मजुरीच घेतात.

मोठी रिंग नवी होती, तीही ७२ अंशांनी चुकवून बसवलेली, म्हणजे एक भोक पुढे. तिच्यावरची छोटी पिन क्रँकच्या पेडलकडच्या दांड्याच्या मागे यायला हवी. चेन बाहेर पडलीच तर ती रिंग आणि क्रँकच्या फटीत अडकू नये म्हणून ती असते. गिअर चढवायच्या खाचाही क्रँकच्या हिशोबानेच पाडलेल्या असतात.

दुकानात गेलो. जुने पार्ट कुठेत? “भंगारवाल्याला दिले.” नव्याचा खोका? “कचऱ्यात गेला असेल, सर.” आयात मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे, तो खोका दाखवा म्हटलं. मग आवाज चढला : “एवढं कळतं तर घरीच करायचं ना!” मी रिंग, तिचे फोटो आणि बिल काउंटरवर ठेवून तिथूनच १९१५ वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्कही लागत नाही, हेही त्याला ऐकू जाईल असं बोललो.

छोटीचे १,४०० परत मिळाले. मजुरी नाही, “काम तर केलंय ना,” हे त्याचं म्हणणं. बिलावर ‘चेनरिंग सेट’ एवढंच लिहिलेलं होतं, दाते नाहीत, कंपनी नाही, त्यामुळे मोठीच्या दर्जावर भांडायला काही हातात नव्हतं. दुसऱ्या दुकानात ३९ ची रिंग घेतली तेव्हा बिलावर ‘१३० मिमी, ३९ दाते’ आणि कंपनीचं नाव लिहून घेतलं, पाकीट माझ्यासमोर फोडायला लावलं आणि जुनी रिंग पिशवीत घालून घरी आणली. मेकॅनिकला त्याचं काही वाटलं नाही. उलट मोठीची पिनही त्याने जागेवर आणून दिली, वेगळे पैसे न घेता.