जीपच्या मागच्या दिव्यांसाठी वेगळ्या बल्बचं किट: दोन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मंडळी, मोटरहोमच्या (म्हणजे चाकांवरच्या घराच्या) मागे गाडी बांधून नेणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू आहे, त्यातही ज्यांच्याकडे जीप रँग्लर आहे त्यांनी तर नक्की वाचा. मोठा झालाय पण अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं सांगितलेलं बरं कारण विषय दिव्यांचा आहे, आणि मागच्या माणसाला आपण थांबतोय का वळतोय हे कळलं नाही तर काय होईल या विचाराने मी एक अख्खी रात्र जागून काढलीये.

आम्ही मिनेसोटात राहतो. मोटरहोम तीस फुटी, फोर्ड ई-४५० चासीवरचं क्लास सी (व्हॅनच्या पुढच्या भागावर घर बांधलेलं असतं तसं), आणि मागे २०१४ ची रँग्लर, चार दारांची, म्हणजे जेके मॉडेल. चारही चाकं रस्त्यावर ठेवूनच ओढतो, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटणारा गिअरचा डबा) न्यूट्रलला टाकायची आणि निघायचं. (म्हणून तर इतके लोक जीप घेतात, नाहीतर होंडा सीआर-व्ही, ती पण २०१४ पर्यंतचीच चालते, पुढच्या सीव्हीटीवाल्या (वेगळ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरच्या) अशा ओढता येत नाहीत.) पुण्याला आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिचा पहिला प्रश्न, अगं गाडी बंद पडली का तुमची? तिला सांगितलं की आई, साउथ डकोटात कस्टर स्टेट पार्कात नीडल्स हायवे आहे, तिथे डोंगर फोडून बोगदे केलेत, एकाची रुंदी जेमतेम आठ फुटांच्या आसपास, आमचं घर साडेआठ फूट रुंद. घर कॅम्पग्राउंडला ठेवायचं आणि जीप घेऊन हिंडायचं, त्यासाठी ही दुसरी गाडी.

तर झालं असं की पहिल्या वर्षी टो बार (गाडी ओढायचा दांडा), बेसप्लेट (तो जीपला जिथे अडकतो तो भाग) आणि दिव्यांचं वायरिंग सगळं एका दुकानात करून घेतलं. दुकानाचं नाव लिहित नाही. टो बार उत्तम बसवला, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण वायरिंग करताना त्यांनी जीपच्या मागच्या दिव्यांच्या मूळ वायरींना ते निळे दाबून बसवायचे क्लिप असतात ना, तेच लावले आणि मोटरहोमकडून आलेल्या वायरी थेट जोडून टाकल्या. डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) नाही, काही नाही. दुकानासमोर दिवे लागले, आम्ही पैसे दिले आणि खुश होऊन घरी आलो.

आय-९० वर सू फॉल्स गेलं, मिचेल गेलं, चेंबरलेनला मिझुरी नदी ओलांडली तेव्हा अंधार पडायला लागला होता. मी हेडलाईट लावले. पेट्रोल भरायला थांबलो तर मागून आलेला ट्रकवाला खाली उतरून धावत आला, म्हणाला तुमच्या जीपला मागे एकही दिवा नाहीये, मी जवळ आल्यावर एकदम अंधारातून जीप दिसली. त्या रस्त्यावर ८० मैलाचं लिमिट आहे हो. जाऊन बघितलं तर मोटरहोमचा टेल लाईटचा फ्यूज उडालेला. नवा घातला, जीपचे मागचे दिवे लागले, पण त्याबरोबर जीपचा डॅशबोर्ड उजळला, पुढचे पार्किंगचे दिवे पण लागले, आणि थोड्या वेळाने फ्यूज परत गेला. ती रात्र तिथेच काढली, पुढे हललो नाही.

का झालं ते मला नंतर समजलं. आमच्या मंडळातले एक काका रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनियर आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, अगं, गावाकडे पाण्याच्या पंपाला नॉन रिटर्न व्हॉल्व असतो की नाही, तो काढून टाकला तर पाणी उलटं जातं, तसंच आहे हे. मोटरहोममधून आलेला करंट फक्त मागच्या बल्बला जायला हवा, पण वायर थेट जोडली की तो बल्बला पण जातो आणि जीपच्या वायरींतून उलटा आत पण शिरतो, मग डॅशचे दिवे, पार्किंगचे दिवे, सगळ्यांचा भार मोटरहोमच्या एका फ्यूजवर. आणि त्याहून वाईट म्हणजे जेकेमधे दिवे एका कॉम्प्युटर मॉड्यूलकडून चालतात, त्याच्या आउटपुटवर बाहेरून करंट ढकलायचा म्हणजे मॉड्यूल जाळायची तयारी.

यावर सरळ उपाय दोन. एक, डायोड किट. प्रत्येक मागच्या दिव्याजवळ मूळ वायर कापायची, मधे डायोड टाकायचा, त्याला दोन बाजूंनी आत यायची सोय, एक जीपकडून आणि एक मोटरहोमकडून, आणि बाहेर जायची एकच, बल्बकडे. उलटं काही जात नाही. दुसरा उपाय वेगळ्या बल्बचं किट, म्हणजे जीपच्या वायरिंगला हातच लावायचा नाही, मागच्या दिव्याच्या डब्यात भोक पाडून आपला वेगळा सॉकेट आणि वेगळा बल्ब बसवायचा. तिसरे ते चुंबकाचे दिवे पण मिळतात, छपरावर चिकटवायचे आणि वायर गाडीवरून पुढे न्यायची. वर्षातून एकदा ओढणाऱ्याला ठीक आहेत, पण वायर वाऱ्याने हलून रंग खरवडते आणि रँग्लरचं छप्पर प्लॅस्टिक नाहीतर कापडाचं असतं, चुंबक धरणार कशाला.

मी वेगळे बल्ब घेतले. डायोड वाईट नाहीत, लाखो मैल लोक त्यावर चालवतायत, पण मला जीपची एकही मूळ वायर परत कापायची नव्हती, आणि डायोडमधे साधारण अर्धा-पाऊण व्होल्ट पडतो, तो साध्या बल्बला कळत पण नाही पण काही नव्या एलईडी दिव्यांच्या गाड्यांत मंद दिसणं, बल्ब गेल्याची वॉर्निंग येणं असले प्रकार होऊ शकतात. रोडमास्टर, ब्लू ऑक्स वगैरे टो बारवाल्या कंपन्या हे सामान विकतात, अजूनही बऱ्याच जणांची मिळतात. माझं कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, आतलं सामान सगळ्यांचं साधारण सारखंच असतं: दोन सॉकेट, दोन ११५७ बल्ब, चार रंगांच्या वायरी, टाय, थोडे कनेक्टर. मला सत्तरेक डॉलरला पडलं.

वायरींचे रंग पाठ करून ठेवा, चार वायरींच्या जोडणीत अमेरिकेत साधारण तेच चालतात. पिवळी डावीकडे वळणं आणि डावा ब्रेक, हिरवी उजवीकडे वळणं आणि उजवा ब्रेक, तपकिरी टेल लाईट, पांढरी ग्राउंड, म्हणजे करंट परत जायची वाट. ब्रेकला आणि इंडिकेटरला वेगळी वायर नाही, एकच तार दोन्ही कामं करते, आणि ११५७ मधे दोन फिलामेंट असतात, एक मंद टेलसाठी, एक जोरदार ब्रेक आणि इंडिकेटरसाठी. जेकेचे मूळ दिवे पण याच पद्धतीचे आहेत, लाल दिवाच ब्रेकचा आणि लाल दिवाच इंडिकेटरचा, म्हणून जीपला कन्व्हर्टर (ब्रेक आणि इंडिकेटरचे सिग्नल वेगळे करणारा) वगैरे काही लागलं नाही. तुमच्या गाडीला मागे पिवळा इंडिकेटर वेगळा असेल आणि तुम्ही डायोडने जाणार असाल तर मात्र हा विचार आधी करा.

बसवायला मला आणि नवऱ्याला एक शनिवार आणि अर्धा रविवार लागला. आधी दुकानाचे निळे क्लिप काढून मूळ वायरी नीट दुरुस्त केल्या. एका क्लिपमधे आत हिरवट गंज आला होता, एका हिवाळ्यात! आमच्याकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाणी उडून सगळीकडे जातं. ज्यांना टेक्सास फ्लोरिडात राहून असलं काही दिसत नाही त्यांनी पण हे क्लिप लावू नका असंच मी सांगेन.

मग दिव्याचा डबा काढला. भोक कुठे पाडायचं यावर आम्ही तासभर घालवला आणि तो तास वाया गेला नाही. बल्ब लाल काचेला (प्लॅस्टिकच ते) चिकटता कामा नये कारण ११५७ चांगलाच तापतो, मूळ बल्बला लागता कामा नये, आणि मागून सॉकेट बॉडीला अडकता कामा नये. पुठ्ठ्यावर माप काढलं, सॉकेट आत धरून बघितला, मगच ड्रिल. स्टेप ड्रिल वापरा, हळूहळू, साध्या बिटने प्लॅस्टिक तडकतं. नंतर सॉकेटभोवती सिलिकॉन. दोन सीझन झाले, आत पाणी नाही, वाफ पण धरत नाही.

वायर चेसीच्या आतल्या बाजूने पुढे नेली, सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, काळ्या नळीत घालून, दर फूटभर टाय. इथे किटवर माझी पहिली तक्रार: वायर कमी पडली. चार दारांच्या जीपला उजव्या दिव्यापर्यंत पोचेना, दुकानात जाऊन अजून आणावी लागली. दुसरी तक्रार, कनेक्टर अगदी साधे दिलेत, मी ते वापरलेच नाहीत, आतून गोंद असलेले हीट श्रिंकवाले घेतले, गरम केले की गोंद वितळून पाणी बंद. तिसरी तक्रार सूचनांचा कागद, त्यात ग्राउंडबद्दल एक ओळ आहे आणि अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाचं तेच.

ग्राउंड म्हणजे पांढरी वायर. तिच्यासाठी रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू दे, दातेरी वॉशर टाका, बोल्ट घट्ट करा आणि वरून ग्रीस लावा. ग्राउंड कच्चं असेल तर दिवे वेड्यासारखे वागतात, डावा इंडिकेटर दिला की दोन्ही बाजू मंद मंद लुकलुकतात, ब्रेक दाबला की टेल विझतो, आणि माणूस बल्ब बदलत बसतो. काकांनी आधीच बजावलं होतं, काही विचित्र दिसलं की पहिलं पांढऱ्या वायरीकडे जायचं. मी दोन्ही सॉकेटचं ग्राउंड नुसतं मागे बॉडीला न देता पांढरी वायर पुढच्या प्लगपर्यंत पण आणली. टो बारमधून ग्राउंड मिळेल अशा भरवशावर राहू नका, ते सांधे हलते असतात.

पुढे बंपरजवळ सहा पिनचा गोल सॉकेट, मोटरहोमला सात पिनचा, मधे गुंडाळीची केबल. गोल सॉकेटवर आत बारीक अक्षरं असतात, जीडी ग्राउंड, टीएम टेल, एलटी डावा, आरटी उजवा, चष्मा लावून वाचा आणि तरीही टेस्ट लाईटने तपासा. केबल वळणावर ताणली जाणार नाही इतकी सैल हवी पण रस्त्याला घासता कामा नये.

आता एक गोष्ट जी मला कुणीच सांगितली नव्हती. आमच्या जीपमधे ब्रेकचा पेडल दाबणारं यंत्र ठेवतो, मोटरहोमने ब्रेक लावला की ते जीपचा पेडल दाबतं. पेडल दाबला की जीपचे स्वतःचे ब्रेक लाईट पण लागतात, चावी बंद असली तरी. म्हणजे बघा, मी ब्रेक मारत डावीकडे वळतेय, माझा नवा बल्ब लुकलुकतोय आणि त्याच लाल डब्यात जीपचा मूळ बल्ब एकसारखा जळतोय! मागून लुकलुकणं दिसतच नाही नीट. घरासमोर तपासताना सगळं बरोबर होतं कारण तेव्हा ते यंत्र लावलं नव्हतं. नवऱ्याला एकदा सगळं जोडलेलं असताना मागे उभं केलं तेव्हा कळलं. यावर रिले मिळतो, ओढताना जीपचा ब्रेक लाईटचा सिग्नल तोडणारा, तो बसवला आणि प्रश्न मिटला. तोही जीपच्या एका वायरीत जातो म्हणजे माझा वायर न कापायचा हट्ट शेवटी थोडा सोडावा लागला, पण एक वायर, तीही नीट. पेडल दाबणारं यंत्र आणि वेगळे बल्ब असं ज्यांच्याकडे आहे त्यांनी आजच्या आज हे तपासा, कळकळीने सांगतेय.

आता कामगिरी. दोन उन्हाळे, ब्लॅक हिल्स दोनदा, बॅडलँड्सच्या कच्च्या रस्त्यांवरून जीप भरपूर हाणलेली. एकदा डावा बल्ब गेला, हादऱ्याने फिलामेंट तुटला असणार. ११५७ कुठल्याही वॉलमार्टला, पार्ट्सच्या दुकानात मिळतो, दोन डॅशच्या कप्प्यात ठेवलेत. याच सॉकेटमधे बसणारे एलईडी पण मिळतात, तापत नाहीत, हादऱ्याला टिकतात, पुढच्या वर्षी तेच टाकणार आहे. प्रकाश उत्तम, भर दुपारी ब्रेक लाईट लांबून दिसतो. किटला मी पाचपैकी चार देईन, वायर पुरेशी दिली असती आणि ग्राउंडबद्दल नीट लिहिलं असतं तर पाच.

निघायच्या आधी दर वेळी एक जण मागे उभा राहतो. टेल, डावा, उजवा, ब्रेक, मग ब्रेक दाबून डावा आणि ब्रेक दाबून उजवा, शेवटचे दोन लोक करत नाहीत पण चूक तिथेच सापडते. पेट्रोलला थांबलं की परत एक चक्कर. आम्हाला आता दोन मिनिटं पण लागत नाहीत.

कुणाला भोक पाडायच्या जागेचा पुठ्ठ्याचा नमुना हवा असेल तर माझ्याकडे जपून ठेवलाय, जेकेच्या दोन्ही बाजूंचा. आणि ट्विन सिटीजमधे (मिनियापोलिस-सेंट पॉल) कुणी हे काम काढलं तर तपकिरी आणि हिरवी वायर पंधरा-पंधरा फूट उरलीये, येऊन घेऊन जा.