इंदूर ख्रिश्चन कॉलेज : माझी तीन वर्षं
बारावीनंतर आई म्हणाली मिशनऱ्यांचं कॉलेज आहे, आपल्याला जमेल का, पण खरं सांगते इथे मला कुणी कधी परकं वाटू दिलं नाही. १८८७ साली कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने सुरू केलेलं कॉलेज, किशोर कुमार इथलेच विद्यार्थी. परीक्षा आणि डिग्री मात्र देवी अहिल्या विद्यापीठाची, म्हणजे सिलॅबस तोच जो बाकी कॉलेजांत असतो. फरक पडतो तो शिकवणाऱ्यांनी. आमच्या मॅडम नावाने ओळखायच्या, दोन दिवस गेलं नाही तर विचारायच्या बरं आहे ना गं, आणि लायब्ररीत बसून नोट्स काढायची सवय मला त्यांनीच लावली, ती अजून सुटलेली नाही. ॲडमिशन घेणार असाल तर एकदा सकाळी जाऊन वर्ग चालू असताना बघून या.