पाच फोटोंवर शिकणारं मॉडेल: काही महिने वापरल्यावर

सर्किट बोर्डांवरचे सोल्डरचे जोड फोटोवरून तपासायला मी एक मॉडेल वापरतो. कॅमेरा बदलला आणि तडा गेलेले जोड त्यानं ‘चांगले’ म्हणून पास केले. एखादा नाही, ओळीनं. त्या वैतागातच लिहायला बसलोय.

सेटअप साधा. डायनो-व्ही२ (मेटाचं, फोटोंवर आधीच शिकवलेलं मॉडेल) जसंच्या तसं, प्रत्येक प्रकाराचे (चांगला जोड, तडा गेलेला जोड) पाच फोटो, त्यांच्या वेक्टरची, म्हणजे मॉडेल प्रत्येक फोटोसाठी देतं त्या आकड्यांच्या यादीची, सरासरी. नवा फोटो ज्या सरासरीच्या सर्वांत जवळ, तो त्याचा प्रकार. ‘प्रोटोटिपिकल नेटवर्क्स’ या २०१७ च्या पद्धतीची हीच कल्पना. ट्रेनिंग नाही, ग्राफिक्स कार्डाचं भाडं नाही. हजारो फोटोंना लेबल लावत बसायचे तास वाचले, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच. इतके दिवस तक्रारीला जागाच नव्हती.

घोडं अडलं ते २२४ वर. फोटो मॉडेलपर्यंत पोचायच्या आधी तो २२४ बाय २२४ पिक्सेलचा केला जातो. जुना कॅमेरा एकेका जोडाचा जवळून फोटो काढायचा. नवा अख्खा बोर्ड एकाच फोटोत घेतो, ३००० बाय ३००० मध्ये. त्यात तडा जेमतेम आठ पिक्सेल रुंद. तेरापट आकसला की एक पिक्सेलसुद्धा उरत नाही. जे दिसतच नाही ते मॉडेल ओळखणार कसं? आणि या आकसण्याची कुठे साधी सूचनाही येत नाही! मिनीइमेजनेटवरचे (मोजक्या उदाहरणांवर शिकणारी मॉडेलं ज्यावर जोखतात तो फोटोसंच) आकडे पाहून हुरळून जाऊ नका ते याचसाठी. तिथले फोटो ८४ पिक्सेलचे असले तरी ओळखायची वस्तू, समजा कुत्रा, बहुतेक फ्रेमभर असते. आमचा दोष केसाएवढा.

चिडून फाइन-ट्यूनिंगसाठी (मॉडेलला आमच्या फोटोंवर आणखी शिकवण्यासाठी) ग्राफिक्स कार्ड भाड्यानं घ्यायच्या बेतात होतो. त्याआधी फुकटातला उपाय केला: मूळ फोटोतून एकेक जोड कापून घेतला, आकार २२४ ऐवजी ५१८ पिक्सेल ठेवला (या मॉडेलला बाजू १४ च्या पटीत लागते), उदाहरणांचे पाच-पाच फोटोही तसेच नव्यानं घेतले. तडे पुन्हा सापडायला लागले. तेव्हा मॉडेलवरचा राग मागे घेतो. पूर्वतयारीच्या त्या मुक्या सेटिंगवरचा कायम.

पाचही उदाहरणं एकाच उजेडातली घेऊ नका, सरासरी त्या उजेडाकडेच झुकते. आणि हे मॉडेल कधी ‘माहीत नाही’ म्हणत नाही. जोडावर धूळ बसलेली असली तरी सगळ्यात जवळचा प्रकार सांगून मोकळं होतं. त्यासाठी सरासरीपासूनच्या अंतराची मर्यादा घातलीय. ती अजून अंदाजानंच ठरवतो आणि मर्यादेबाहेरचे फोटो स्वतः बघतो.